मस्सालिया : खडकावरचे ग्रीक बंदर

मस्सालियाच्या ग्रीकांकडे गहू पिकवण्याजोगी जमीन नव्हती. चुनखडीचा पांढरा खडक, त्याच्या कपारींत तग धरणारी ऑलिव्हची झाडे, उतारांवर द्राक्षवेली, आणि उत्तरेकडून दिवसचे दिवस झोडपणारा मिस्त्राल वारा. इसवी सनाच्या सुरुवातीला भूगोलकार स्ट्राबो याने या शहराची माहिती लिहिताना स्वच्छ नोंदवले आहे, की इथली माती तेलाला आणि द्राक्षाला चांगली, धान्याला निकृष्ट. म्हणून इथल्या लोकांनी शेतापेक्षा समुद्रावर भिस्त ठेवली.

जमिनीने जे दिले नाही ते एका खाडीने दिले. आज फ्रान्समधल्या मार्सेय शहराचे 'जुने बंदर' म्हणून जी जागा पर्यटक पाहतात, तिला ग्रीक लाकिदॉन म्हणत. पश्चिमेला अरुंद मुख, आत लांबवर शिरलेले शांत पाणी, आणि उत्तरेला मिस्त्राल अडवणाऱ्या तीन टेकड्या. शहर याच टेकड्यांवर वसले. रोन नदीचे मुख इथून फार लांब नाही. त्यामुळे नदीच्या वाटेने युरोपच्या पोटात शिरता येत होते. तरीही किनाऱ्यालगतचा प्रवाह नदीचा गाळ पश्चिमेकडे ओढून नेत असल्यामुळे तो लाकिदॉनमध्ये साचत नव्हता. जागा निवडणाऱ्याला समुद्र कळत होता यात शंका नाही.

ते होते फोकाइयाचे लोक. आज तुर्कस्तानात इझमीरजवळ फोचा नावाचे गाव आहे, तेच हे फोकाइया. हेरोडोटस सांगतो, की लांब पल्ल्याच्या सागरी सफरी ग्रीकांमध्ये सर्वांत आधी यांनी केल्या, आणि त्याही गोल पोटाच्या व्यापारी गलबतांतून नव्हे, तर पन्नास वल्ह्यांच्या नौकांतून. अशा नौकेत माल कमी मावतो. पण वारा पडला तरी ती पुढे जाते आणि चाचे आडवे आले तर दोन हात करता येतात. एड्रियाटिक, इटलीचा पश्चिम किनारा, तिथून स्पेनमधले तार्तेसोस असा त्यांचा पल्ला होता. तार्तेसोसचा राजा आर्गान्थोनियोस त्यांच्यावर इतका खूश झाला, की त्याने दिलेल्या पैशांतून फोकाइयाने आपली तटबंदी उभारली. अशाच सफरींतून इ. स. पू. ६००च्या सुमारास लाकिदॉनच्या काठी वस्ती पडली.

वस्ती कशी पडली याची एक गोष्ट आहे. गॉल वंशाचा रोमन इतिहासकार पोम्पेयस ट्रोगस याने ती लिहिली आणि जस्टिनने केलेल्या तिच्या संक्षेपातून ती आपल्यापर्यंत आली. ग्रीक तरुण प्रोतिस किनाऱ्यावर उतरला, तेव्हा सेगोब्रिगेस या स्थानिक जमातीचा राजा नान्नोस आपल्या मुलीच्या, गिप्तिसच्या, लग्नाच्या तयारीत होता. रीत अशी, की मेजवानीत मुलीने ज्याच्या हाती पाण्याचा प्याला द्यायचा तोच तिचा नवरा. सगळे स्थानिक सरदार बाजूला राहिले आणि गिप्तिसने प्याला त्या परक्या पाहुण्याला दिला. आपल्याकडच्या स्वयंवराची आठवण यावी असाच हा प्रसंग. जावयाला सासऱ्याने शहर वसवायला जागा दिली. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या दुसऱ्या पाठात नवऱ्याचे नाव युक्सेनोस आणि मुलीचे पेत्ता असे आहे. प्रोतिस हा त्यांचा मुलगा, आणि त्याचे प्रोतियादाय हे घराणे मस्सालियात पुढेही नांदत होते.

मार्सेयमध्ये ही प्रेमकथा आजही आवडीने सांगतात. पण जस्टिन तिथेच थांबत नाही, आणि त्याची पुढची गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. नान्नोसनंतर त्याचा मुलगा कोमानुस गादीवर आला. एका सरदाराने त्याला बोधकथा ऐकवली : गाभण कुत्रीने मेंढपाळाकडे पिल्ले घालण्यापुरती जागा मागितली, मग ती वाढवण्यापुरती मागितली, आणि पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्या जोरावर जागेची मालकीणच होऊन बसली. हे ग्रीकही आज तुझे भाडेकरू आहेत, उद्या धनी होतील. कोमानुसने सणाचा दिवस गाठला. काही धट्टेकट्टे लोक पाहुणे म्हणून शहरात पाठवले, काही गाड्यांत पाल्याखाली दडवून धाडले आणि स्वतः सैन्य घेऊन जवळच्या डोंगरात दबा धरला. राजाच्या नात्यातल्या एका स्त्रीचा एका ग्रीक तरुणावर जीव होता. तिने त्याला सारे सांगून टाकले. गाड्या तपासल्या गेल्या, कट उधळला आणि राजा सात हजार माणसांसह मारला गेला. तेव्हापासून सणासुदीला वेशी बंद ठेवायच्या, तटावर पहारा द्यायचा आणि परक्याची झडती घ्यायची, ही मस्सालियाची रीत पडली.

सात हजार हा आकडा कुणी शब्दशः घेऊ नये. पण दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तरच हे शहर नीट समजते. ग्रीक वसाहत म्हणजे मायदेशाच्या गव्हर्नराने राज्य करायचा मुलूख नव्हे. ते पहिल्या दिवसापासून स्वतंत्र शहर असे, स्वतःचे कायदे असलेले. मात्र पाठीशी कुणाचे सैन्य नसे. मस्सालियाच्या भोवती लिगुरियन आणि केल्ट जमाती होत्या, त्यांच्याशी सोयरीकही होती आणि भीतीही. या शहराचा स्वभाव त्या दोन्हींतून घडला.

पाठीशी कुणी नाही हे लवकरच आणखी स्पष्ट झाले. इ. स. पू. ५४५च्या सुमारास इराणी सेनापती हार्पागोसने खुद्द फोकाइयाला वेढा घातला. फोकाइयाच्या लोकांनी एका दिवसाची मुदत मागितली आणि त्या अवधीत बायकामुले, देवांच्या मूर्ती, सामानसुमान जहाजांवर चढवून शहर रिकामे केले. लोखंडाचा गोळा समुद्रात टाकून तो वर येईपर्यंत परतणार नाही अशी शपथही घेतली, पण निम्म्याहून अधिक लोकांना घराची ओढ आवरली नाही आणि ते माघारी फिरले. उरलेले कॉर्सिकातल्या अलालिया या आपल्याच वसाहतीत गेले. तिथे एट्रुस्कन आणि कार्थेज यांच्या जोड आरमाराशी लढाई झाली. फोकाइयाच्या साठ नौकांपैकी चाळीस बुडाल्या आणि उरलेल्या वीसही लढण्याच्या लायकीच्या राहिल्या नाहीत. यानंतर पश्चिम भूमध्य समुद्रातल्या फोकाइयाच्या माणसांना मोठा आधार उरला तो मस्सालियाचाच.

शहराने आपला कारभार कडक शिस्तीचा ठेवला. सहाशे जणांची परिषद, सदस्यत्व तहहयात. सदस्याला मूल असले पाहिजे आणि त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांचे नागरिकत्व असले पाहिजे. या सहाशेंतून पंधरा जण रोजचा कारभार पाहत आणि पंधरांवर तिघे. हे थोड्या धनिक घराण्यांचे राज्य होते, सगळ्यांचे नव्हे. पण त्या धनिकांनी स्वतःलाही लगाम घातला होता. स्ट्राबो सांगतो, की इथे मोठ्यात मोठा हुंडा शंभर सोन्याच्या नाण्यांचा. कपड्यांसाठी पाच आणि दागिन्यांसाठी पाच, त्यावर एक नाणेही नाही. व्हालेरियस मॅक्सिमस हा रोमन लेखक आणखी तपशील देतो. देहदंडाची तलवार शहराच्या स्थापनेपासून तीच, गंजून गेलेली, तरी तीच लटकत ठेवलेली. येणाऱ्याने शस्त्र वेशीवर ठेवायचे आणि जाताना परत घ्यायचे. जगणे नकोसे झालेल्या माणसाने सहाशेंच्या परिषदेपुढे कारण मांडायचे. ते पटले तर सरकारी साठ्यातून विष मिळे. रोमन लेखकांना हे शहर जुन्या साधेपणाचा नमुना वाटे आणि त्यांनी ते थोडे उजळूनच रंगवले असणार, पण हुंड्यावर मर्यादा घालणारे शहर आजच्या वाचकालाही विचारात पाडते.

पोट भरत होते ते व्यापारावर, आणि व्यापारात सर्वांत वर होती वाइन. इ. स. पू. ५४०च्या आसपास मस्सालियाने स्वतःचे कुंभ घडवायला सुरुवात केली : दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे, जहाजाच्या पोटात एकमेकांना टेकून उभे राहतील असे. त्यांच्या मातीत अभ्रकाचे बारीक कण असतात. रोनच्या खोऱ्यात एखाद्या खड्ड्यात खापर चमकले, की उत्खनन करणाऱ्याला ते मस्सालियाचे आहे हे लगेच कळते. अशी खापरे नदीच्या काठाकाठाने पार वरपर्यंत सापडली आहेत. द्राक्षवेल छाटणे, ऑलिव्ह लावणे, शहराला तट बांधणे हे गॉल लोक मस्सालियाकडून शिकले, असे जस्टिन म्हणतो. वाइनच्या बदल्यात उत्तरेकडून धातू येई, धान्य येई आणि गुलामही येत. पुढे इटालियन व्यापाऱ्यांच्या काळात गॉल लोक एका कुंभाला एक गुलाम देत, असे दिओदोरसने लिहिले आहे. या व्यापाराचे कौतुक करताना ही बाजू झाकू नये.

जानेवारी १९५३ मध्ये बर्गंडीत विक्स या गावी एका केल्ट स्त्रीचे थडगे उघडले. इ. स. पू. ५००च्या सुमाराचे. त्यात ब्राँझचे ग्रीक पात्र निघाले : उंची १.६४ मीटर, वजन २०८ किलो, मावते सुमारे ११०० लिटर. दक्षिण इटलीतल्या ग्रीक कारागिरांचे ते काम मानले जाते. ते मस्सालियामार्गे रोनच्या वाटेने आले की आल्प्स ओलांडून, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. काही असो, सीन नदीच्या उगमाजवळ राहणाऱ्या सरदारांना भूमध्य समुद्रावरच्या पानभोजनाची चटक लागली होती, आणि ती पुरवणाऱ्यांत मस्सालिया आघाडीवर होते.

विक्सचे पात्र दिपवून टाकते, पण व्यापाऱ्याची रोजची धांदल पाहायची तर शिशाचा एक लहान पत्रा पाहावा. तो नार्बोनजवळच्या पेश-माओ इथे मिळाला. एका बाजूला एट्रुस्कन भाषेतला मजकूर आहे आणि त्यात मस्सालियाचे नाव येते. दुसऱ्या बाजूला इ. स. पू. पाचव्या शतकातला ग्रीक मजकूर आहे : होडीच्या खरेदीची नोंद. होडी स्पेनच्या किनाऱ्यावरच्या एम्पोरियोन या ग्रीक वसाहतीतल्या लोकांकडून घेतली, अर्धी भागी कुणाला दिली, इसार किती दिला, तो नदीवर होड्या लागतात तिथे दिला, आणि साक्षीदार कोण. साक्षीदारांची नावे बासिगेर्रोस, ब्लेरुआस अशी आहेत. म्हणजे ग्रीक नव्हेत, स्थानिक. व्यवहार ग्रीक भाषेत, जुना मजकूर एट्रुस्कन, साक्षी आयबेरियन. मस्सालियाचे जग हे असे होते.

किनाऱ्यावर त्यांनी ठाणी उभारली : निकाइया म्हणजे आजचे नीस, अँतिपोलिस म्हणजे आंतीब, आगाथे म्हणजे आग्द. पण या शहरातून सर्वांत दूर गेलेला माणूस वसाहत करायला गेला नव्हता. इ. स. पू. ३२५च्या सुमारास पिथियास अटलांटिकमधून उत्तरेला निघाला. ब्रिटनला वळसा घालून तिथून सहा दिवसांच्या अंतरावर असलेल्या थुले नावाच्या भूमीची माहिती त्याने आणली. उन्हाळ्यात तिथे रात्र दोन-तीन तासांचीच असते, पलीकडे समुद्र गोठलेला असतो, आणि भरतीओहोटीचा चंद्राशी संबंध असतो असे त्याने सांगितले. त्याचे पुस्तक हरवले. पॉलिबियस आणि स्ट्राबो यांनी त्याला खोटारडा ठरवले. आज त्यांच्यापेक्षा त्याचेच म्हणणे खरे निघाले आहे. निघण्यापूर्वी असो वा परतल्यावर, त्याने मस्सालियात शंकूची सावली मोजली होती. शंकू १२० भाग, तर सावली ४२ला एक पंचमांश कमी. त्यावरून काढलेला अक्षांश आणि मार्सेयचा खरा अक्षांश यांत अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. एक काठी आणि तिची सावली एवढ्या साधनांवर हे साधणे, हे मस्सालियाचे सर्वांत मोठे काम आहे असे म्हणायला हरकत नाही.

रोमशी मैत्री जुनी होती. इ. स. पू. ३९६ मध्ये व्हेई हे शहर जिंकल्यावर रोमनांनी ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानाला सोन्याचे पात्र वाहिले, ते ठेवले तिथल्या मस्सालियाच्या खजिनागृहात. हॅनिबलच्या युद्धात मस्सालियाची जहाजे रोमच्या बाजूने लढली. जमातींचा त्रास वाढला तेव्हा मस्सालियाने रोमला हाक मारली, आणि इ. स. पू. १२५नंतर रोमन सैन्य आले ते परत गेले नाही. शहर स्वतंत्र राहिले, पण चहूबाजूंनी रोमचा प्रांत झाला.

घात झाला तो इ. स. पू. ४९ मध्ये. सीझर आणि पाँपी यांच्यात यादवी पेटली. दोघांचेही आमच्यावर उपकार आहेत, आम्ही कुणाच्याच बाजूने नाही, असे पंधरांच्या मंडळाने सीझरला सांगितले. तेवढ्यात पाँपीच्या बाजूचा दोमितियस जहाजे घेऊन आला आणि त्याच्यासाठी मात्र दरवाजे उघडले. सीझरने आर्लमध्ये झाडे तोडल्यापासून तीस दिवसांत बारा युद्धनौका बांधून घेतल्या, वेढा आपला सेनापती त्रेबोनियस याच्यावर सोपवला आणि स्वतः स्पेनला गेला. समुद्रावर दोन लढाया झाल्या, दोन्ही मस्सालियाने गमावल्या. तटासमोर रोमनांनी विटांचा सहा मजली बुरूज चढवला. वेढलेल्यांनी तहाची विनवणी केली, रोमन गाफील राहिले, आणि एका वादळी दिवशी त्यांची सगळी लाकडी कामे जाळली गेली. हे सारे सीझरच्याच लेखणीतून कळते, हे विसरू नये. शेवटी जुनी बाजरी आणि किडके जव खाण्याची पाळी आली, रोगराई पसरली, शहर शरण गेले. सीझरने ते लुटू दिले नाही. त्याचे नाव आणि जुनेपण पाहून सोडले, असे तो लिहितो. शस्त्रे, जहाजे आणि खजिना मात्र घेतला. रोमच्या विजययात्रेत मस्सालियाची प्रतिकृती मिरवली गेली तेव्हा सिसेरो हळहळला. या शहराच्या मदतीशिवाय आल्प्सपलीकडे रोमला एकही विजय मिळाला नसता, असे त्याचे मत होते.

यानंतर मस्सालिया विद्येचे गाव झाले. ब्रिटन जिंकणारा अग्रिकोला इथेच शिकला. सागरी सत्ता पुन्हा आली नाही, पण बंदर कधीच बंद पडले नाही. एकोणिसाव्या शतकात मोठ्या आगबोटी जुन्या लाकिदॉनमध्ये मावेनात, म्हणून उत्तरेला नव्या गोद्या बांधल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबईहून विलायतेला निघालेल्या कितीतरी लोकांना युरोपचे पहिले दर्शन याच शहरात घडू लागले. मराठी माणसाला हे बंदर 'मार्सेलिस' म्हणून ठाऊक आहे ते ८ जुलै १९१०मुळे. त्या दिवशी 'मोरिया' बोटीवरून विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. फ्रेंच भूमीवर पकडून त्यांना ब्रिटिशांच्या हाती देण्यात आले आणि त्यावरचा खटला हेगच्या न्यायाधिकरणापर्यंत गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला.

ग्रीक शहर मात्र जमिनीखाली गडप होते. अथेन्ससारखे उभे खांब इथे नाहीत, आणि त्यामुळे मार्सेयला इतिहास नाही असेच लोकांना वाटे. १९४३च्या सुरुवातीला नाझींनी जुन्या बंदराच्या उत्तरेची वस्ती रिकामी केली, वीस हजारांहून अधिक माणसे हाकलली, शेकडो ज्यूंना छळछावण्यांत धाडले आणि सुमारे दीड हजार इमारती सुरुंगाने उडवल्या. त्या ढिगाऱ्याखाली पुढे रोमन काळातली गोदामे सापडली. १९६७ मध्ये शेअर बाजारामागे मॉलसाठी खोदताना ग्रीक तटबंदी आणि बंदराचा गाळाने भरलेला कोपरा वर आला. बांधकाम रेटायचे की थांबवायचे यावर शहरात मोठा वाद झाला. नागरिक आणि अभ्यासक हटून बसले म्हणून अवशेषांचा भाग वाचला आणि १९७२ मध्ये त्याला संरक्षण मिळाले. मॉलही झाला, पण अवशेषांना जागा सोडून.

त्याहून मोलाचा ठेवा १९९३ मध्ये मिळाला. नगरपालिकेच्या इमारतीमागे जूल व्हर्न चौकात वाहनतळ करायचा होता. बंदराचा काठ शतकानुशतके गाळाने आणि कचऱ्याने पुढे सरकला होता. त्या ओल्या चिखलात हवा न लागल्याने इ. स. पू. सहाव्या शतकातल्या दोन ग्रीक नौका टिकून राहिल्या होत्या. लहान नौका शिवलेली होती. फळ्यांना कडेने भोके पाडून त्या जवसाच्या दोऱ्याने एकमेकींना टाचलेल्या, दोरा हलू नये म्हणून भोकांत लाकडी पाचरी ठोकलेल्या. तळाशी पोवळ्याचे कण मिळाले, म्हणजे ही पोवळी काढणाऱ्यांची होडी. दुसरी नौका मोठी, आणि तिच्या बहुतेक फळ्या कुसांनी जोडलेल्या. शिवण फक्त टोकांना. जुने तंत्र सोडून नवे धरतानाचा नेमका क्षण या दोन नौकांत दिसतो.

पात्रिस पोमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान नौकेची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधली, ९.८५ मीटरची, आणि २०१३ मध्ये पाण्यात उतरवली. नाव ठेवले गिप्तिस. शिवलेली नौका आपल्यालाही परकी नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात काथ्याच्या दोराने शिवलेले 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. दोन्हीकडे एकच अडचण आली : पुस्तकात तंत्र वाचून भागत नाही, हातांनी पुन्हा शिकावे लागते.

युरोपला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या यादीत मार्सेय क्वचितच असते. पॅरिसहून रेल्वेने ते तीन-साडेतीन तासांवर आहे. जुन्या बंदराच्या काठावरून चालत पाच-दहा मिनिटांत इतिहास संग्रहालय येते. त्या दोन नौका आणि बंदराचे अवशेष तिथेच आहेत. वेळ कमी असेल तर चर्च आणि किल्ले सोडावेत, पण हे पाहावे. संग्रहालय सोमवारी बंद असते.